कलुषित हातांची दया

ज्या हातांना लाचेच्या पैशाचा स्पर्श झाला त्याच हातांनी एखादे पुण्यकृत्य घडले, तर त्या पुण्यालाही पापाचा विटाळ होतो काय, हा प्रश्न आपल्या धर्मविचाराला नवा नाही. परंतु अमेरिकेतील इलिनॉय राज्याचे एकेकाळचे गव्हर्नर जॉर्ज रायन यांच्या चरित्रात तो ज्या उघडेपणाने समोर येतो, तसा पुराणांतरीही क्वचितच आढळेल. कँककी या गावी घरच्या औषधांच्या दुकानात फार्मासिस्ट म्हणून जम बसवलेला, तेथून विधिमंडळात, मग सभापतिपदी, आणि एकेक पायरी चढत १९९९ मध्ये गव्हर्नरच्या आसनावर पोहोचलेला हा रिपब्लिकन गृहस्थ मुरब्बी राजकारणी होता. तत्त्वचिंतनाचा आळ त्यांच्यावर कोणी घेतला नसता. १९७७ साली राज्याने देहदंडाचा कायदा पुन्हा आणला तेव्हा त्यांनी त्याच्या बाजूने मत दिले होते, आणि अधिकारारूढ होऊन दोन महिने होतात न होतात तोच एका कैद्याला विषारी इंजेक्शन देऊन मारण्यास संमतीही दिली होती. आयुष्यभर औषधे विकलेल्या माणसाच्या मनात त्या क्षणी काय आले असेल, असा विचार माझ्या मनात डोकावल्यावाचून राहत नाही.

पण हिशेब त्यांच्यासमोर होता. त्या कायद्याखाली १२ जणांना देहदंड झाला होता, आणि १३ जणांना, त्यांच्यावरील दोषारोप टिकत नाही असे ठरल्याने, मृत्युकोठडीतून सोडून द्यावे लागले होते. २००० च्या जानेवारीत रायन यांनी सर्व देहदंड तहकूब केले व चौकशीसाठी आयोग नेमला. आयोगाने सुचविलेल्या सुधारणा विधिमंडळात रखडल्या, तेव्हा ११ जानेवारी २००३ रोजी, पदावरून उतरण्यास दोन दिवस उरले असता, राज्यघटनेने दिलेल्या मुखत्यारीचा वापर करून त्यांनी एकाच हुकमाने १६७ कैद्यांचे मरण रद्द केले. आदल्या दिवशी चौघांना संपूर्ण माफी दिली होती, ती वेगळीच. खून झालेल्यांच्या नातलगांनी आक्रोश केला, सरकारी वकील संतापले, आणि कोणी तर त्यांचे नाव नोबेल शांतता पुरस्कारासाठीही पाठविले.

आता दुसरी बाजू. गव्हर्नर होण्यापूर्वी आठ वर्षे रायन हे राज्याचे सेक्रेटरी ऑफ स्टेट होते, आणि वाहनचालकांचे परवाने देणारे खाते त्या पदाच्या अखत्यारीत येते. खात्यातील कारकून मालमोटारींच्या चालकांकडून लाच घेऊन परवाने देत, आणि त्यातील काही रक्कम साहेबांच्या निवडणूक निधीत जमा होई. १९९४ च्या नोव्हेंबरात मिल्वॉकीजवळील हमरस्त्यावर एका मालमोटारीचा सुटून पडलेला लोखंडी भाग मागून येणाऱ्या गाडीखाली सापडला, तिची इंधनाची टाकी फुटून आग लागली, आणि शिकागोच्या एका धर्मोपदेशक दांपत्याची सहा मुले त्यात गेली. त्या चालकाचा परवाना लाच देऊन मिळालेला होता, असे तपासात पुढे आले. २००६ मध्ये रायन भ्रष्टाचाराच्या खटल्यात दोषी ठरले व त्यांना साडेसहा वर्षांची कैद झाली.

टीकाकार म्हणाले, दयेचा हा सोहळा म्हणजे येऊ घातलेल्या फिर्यादीवर पांघरूण होते. असेलही, दुसऱ्याच्या हेतूचा पंचनामा करण्याची शक्ती मला नाही. परंतु कर्माचा जमाखर्च वजाबाकीने मिटत नाही, ही आपल्या परंपरेची धारणा येथे मला अधिक विश्वासार्ह वाटते: व्यासांनी युधिष्ठिराला द्रोणाशी केलेल्या छलापायी नरकदर्शन घडविले आणि दुर्योधनाला स्वर्गात बसलेले दाखविले, ते काही थट्टेने नव्हे, प्रत्येक कर्माचे फळ आपापल्या जागी वेगळे भोगावे लागते, म्हणून. रायन यांचा युक्तिवाद असा होता की चुकणाऱ्या यंत्रणेने प्राण घेऊ नयेत. तो युक्तिवाद निर्दोष आहे. मात्र त्यांनी तो न्यायालयांना लावला आणि स्वतःच्या दफ्तराला लावला नाही, जेथे यंत्रणा केवळ चुकत नव्हती तर विकली जात होती आणि तिनेही प्राण घेतले होते.

पुढे तुरुंगातून रायन यांनीच राष्ट्राध्यक्ष बुश यांच्याकडे दयेची याचना केली. इंडियानातील टेरे होट येथील ज्या आवारात ते शिक्षा भोगत होते, त्याच आवारात केंद्र सरकारचे वधगृह आहे. २००९ च्या जानेवारीत बुश पायउतार झाले, तोवर ती याचना मान्य झाली नव्हती. यावर पुष्कळांनी दैवाच्या न्यायाची भाषा केली, आणि काहींनी कृतघ्नतेची. मला दोन्ही अप्रस्तुत वाटतात. रायन यांनी त्या १६७ जणांना सोडले नव्हते. त्यांतील बहुतेकांना मरेपर्यंत तुरुंगातच राहावयाचे होते, आणि हुकमाने वाचले ते केवळ प्राण. रायन यांना स्वतःला हवी होती ती सुटका, म्हणजे त्यांनी बहुतेकांना जे दिलेच नव्हते ते.