स्वच्छ विजेचा कचरा कोणाचा?

शहापूर-मुरबाडच्या पाड्यांवर जाताना एक दृश्य आम्हाला वारंवार दिसते. वाटेवर सौरदिव्याचा खांब उभा असतो, पण दिवा लागत नाही. बॅटरी केव्हाच गेलेली असते. कुठे तडकलेले पॅनेल शेळ्यांच्या गोठ्यावर आडोशाला टाकलेले असते. दिवा बसवला त्या दिवशी नारळ फुटला, फोटो निघाले. तो बंद पडला त्या दिवशी कुणी फिरकले नाही.

शेवटी येतो तो भंगारवाला. तो पुष्कळदा आपल्यातलाच असतो. भिवंडी, मुंब्रा, कुर्ला इथल्या आपल्या कितीतरी घरांची चूल या धंद्यावर पेटते. तो ॲल्युमिनियमची चौकट काढतो, तांब्याची वायर सोडवतो आणि उरलेली काच टाकून देतो. पॅनेलच्या वजनात सुमारे तीन-चतुर्थांश काचच असते. तिला चिकटलेल्या पेशींत थोडी चांदी असते आणि त्यांच्या जोडणीत बहुधा शिसेही. पंचवीस वर्षे ऊन-पावसात टिकावे म्हणून हे सारे प्लास्टिकच्या थराने घट्ट सांधलेले असते. ते हातोडीने सुटत नाही. उघड्यावर जाळले तर विषारी धूर निघतो. त्यासाठी भट्टी, धूर शुद्ध करणारी यंत्रणा आणि सतत येणारा माल लागतो. म्हणजे हे काम कारखान्याचे आहे.

कायदा झालेला आहे. २०२२ च्या ई-कचरा नियमांनी, जे १ एप्रिल २०२३ पासून लागू झाले, सौर पॅनेलची जबाबदारी उत्पादकावर टाकली आणि हा कचरा २०३४-३५ पर्यंत साठवून ठेवण्यास सांगितले. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाचा अंदाज आहे की २०३० पर्यंत देशात असा कचरा सुमारे ६ लाख टन होईल. पण पाड्यावरचे एक फुटके पॅनेल कारखान्यापर्यंत नेणार कोण? त्याच्या किमतीपेक्षा टेम्पोचे भाडे जास्त.

कुणी म्हणेल, गरिबाच्या घरी उजेड आला, त्यात ही कटकट कशाला? कोळशाच्या राखेपेक्षा हे बरेच बरे. आम्हालाही ते मान्य आहे. सौरवीज हवीच. आमचा प्रश्न वेगळा आहे. ज्याला आपण स्वच्छ म्हणतो, ते कोणासाठी स्वच्छ? वापरणाऱ्यासाठी, की शेवटी ते हाताळणाऱ्यासाठीही?

हा प्रश्न या भागाला नवा नाही. तानसा आणि भातसा शहापुरात आहेत. त्यांचे पाणी मुंबईच्या नळाला येते आणि उन्हाळ्यात इथल्याच पाड्यांवर बायका टँकरची वाट पाहतात. लाभ एकीकडे आणि झळ दुसरीकडे, हा हिशेब इथे जुना आहे. उजेडाच्या बाबतीतही तोच मांडला जाऊ नये.

वाहत्या नदीकाठी बसलो तरी वजूचे पाणी जपून वापरावे, असे आपल्याला लहानपणीच शिकवले गेले. मुबलक आहे म्हणून बेफिकिरी चालत नाही. ऊनही मुबलक आहे, फुकट आहे. पण ते पकडणारी काच, चांदी, शिसे फुकट नाहीत. ती आपल्याकडे अमानत आहे. अमानत परत करायची असते, नाल्यात टाकायची नसते.

म्हणून दिवा बसवण्याच्या करारातच तो उतरवून नेण्याची तरतूद हवी. पॅनेल अखंड आणून देणाऱ्या भंगारवाल्याला चौकटीच्या भावापेक्षा जास्त पैसे मिळावेत. हातमोजे, प्रशिक्षण आणि पावती मिळावी. गावोगावचा माल गोळा करण्याचे त्याचे कसब कुठल्याही कारखान्याकडे नाही. त्याला या व्यवस्थेबाहेर ठेवले तर कायदा कागदावर राहील आणि काच नाल्यात.

उजेड देण्याचे पुण्य सगळ्यांना हवे असते. विझलेला दिवा उचलणेही त्याच पुण्याचा भाग आहे, हे आपण कधी मान्य करणार?