अनसूयामातेचा पान्हा आणि घरातला दुधाचा डबा

॥ श्री गुरुदेव दत्त ॥



येत्या मार्गशीर्ष पौर्णिमेला दत्तजयंती. बेळगावात, खानापुरात, फोंड्याला, इंदूरला, बडोद्याला, जिथे जिथे आपली केंद्रं आहेत तिथे संध्याकाळी जन्मकाळ होईल, पाळणा म्हटला जाईल, सुंठवडा वाटला जाईल. दर वर्षी या अंकात आम्ही अनसूयामातेच्या कथेचं निरूपण देतो. यंदाही देणार आहोत. पण यंदा ते एका प्रश्नावरून सुरू करावं लागतंय, आणि तो प्रश्न ऐकून आम्हाला दोन रात्री नीट झोप लागली नाही.

प्रश्न आपल्याच एका गुरुभगिनीचा आहे. तिला विचारूनच हे लिहितोय, नाव देत नाही. तिनं लिहिलं, "अनसूयामातेला पान्हा फुटला. मला फुटला नाही. मग माझी भक्ती कमी पडली का?"

आता यामागची हकिगत. पहिलंच बाळंतपण, सिझेरियन झालेलं. चौथ्या दिवशी घरी आली. पाचवीच्या पूजेला आमच्यातल्या काही जणी बाळाला बघायला गेल्या. बाळ झोपलेलं. उठवलं तरी दोन घोट ओढायचं आणि परत डोळे मिटायचं. आम्ही म्हटलं, किती गुणाचं बाळ, रडतसुद्धा नाही, ही गुरुकृपा! ती बिचारी हळूच म्हणाली, "मावशी, मला दूध उतरल्यासारखं वाटत नाही. डॉक्टरांना विचारून वरचं दूध द्यावं का?" तेव्हा आमच्यातलीच एक बोलून गेली, "गुरुचरित्र वाचलं जातं त्या घरात डबा? अगं, वांझ म्हशीला दूध आलं, तुला येणार नाही?" सोयर असल्यामुळे तिला पोथीला हात लावता येत नव्हता, म्हणून आमच्यापैकी एकीनं तिच्यासाठी आपल्या घरी रोज बाविसावा अध्याय वाचायला घेतला. हेतू चांगलाच होता, त्यात शंका नाही.

सातव्या दिवशी आशाताई वजन करायला आल्या. जन्मताना 2 किलो 900 ग्रॅम असलेलं बाळ 2 किलो 400 वर आलेलं. ओठ सुकलेले, आदल्या दुपारपासून लंगोट कोरडा. आशाताईंनी कोणाला काही विचारलं नाही, रिक्षा बोलावली आणि दवाखाना गाठला. ज्याला आम्ही शांतपणा म्हणत होतो ती ग्लानी होती. बाळाला रडायचीसुद्धा ताकद उरली नव्हती.

महाराजांच्या कृपेनं, आशाताईंच्या आणि डॉक्टरांच्या तत्परतेनं बाळ वाचलं. सलाईन लागलं, वाटी-चमच्यानं डब्याचं दूध दिलं, सोबत अंगावर पाजणंही चालू ठेवलं. दहाएक दिवसांत बाळ घरी आलं. पण गोष्ट तिथे संपली नाही. केंद्रातलं कोणी घरी आलं की सासूबाई दुधाचा डबा पिठाच्या डब्यामागे लपवायच्या. एकदा तो कोणाच्या तरी नजरेला पडलाच, बाहेर चर्चा झाली, आणि ही मुलगी आपल्या ग्रुपमधून बाहेर पडली. आम्हाला वाटलं, बाळंतपणात वेळ मिळत नसेल.

अजून एक कबूल करायचं राहिलं. "जिथे श्रद्धा तिथे पान्हा" हे वाक्य मागच्या वर्षी याच अंकात आम्ही छापलं होतं. छान वाटलं होतं लिहिताना.

तेव्हा यंदा ही कथा आम्ही पुन्हा पहिल्यापासून वाचली. आपल्या सगळ्यांना ती पाठ आहे. तिन्ही देव अतिथी होऊन अत्रिऋषींच्या आश्रमात येतात. कशासाठी? अनसूयेचं सत्त्व बघायला. भूक हे निमित्त, मनात परीक्षा. अशी अट घालतात की पाळली तरी पंचाईत, मोडली तरी पंचाईत. आणि मग काय होतं? परीक्षा घ्यायला आलेलेच पाळण्यात पडतात! ब्रह्मा, विष्णू, महेश तिघेही तान्ही बाळं होऊन भुकेनं रडायला लागतात. अनसूयामाता त्यांना उचलते आणि छातीशी धरते. तिला दिसतात ती तीन उपाशी लेकरं. आपण कसोटीला उतरलो की नाही हा विचार तिच्या मनात कुठे आहे? बाळाची भूक दिसल्याबरोबर परीक्षा तिथेच संपलेली असते.

आणि आपण काय केलं? त्याच कथेतून नवी परीक्षा काढली आणि टाके न सुकलेल्या बाळंतिणीपुढे ठेवली. कथेत परीक्षा घेणाऱ्यांचं काय झालं ते सोयीनं विसरलो.

आता बाविसाव्या अध्यायाकडे वळू, कारण त्याचंच नाव घेऊन त्या मुलीला गप्प केलं गेलं. गाणगापुरात एका गरीब ब्राह्मणाच्या घरी नृसिंहसरस्वती स्वामी भिक्षेला येतात. यजमान बाहेर गेलेला, घरात द्यायला काही नाही. दारात म्हातारी, वांझ, दात पडलेली म्हैस. स्वामी म्हणतात, हिचं दूध दे. बाई खरं ते सांगते, ही वांझ आहे, हिच्यावर आम्ही माती वाहतो. त्यावर स्वामी तिला खोटारडी म्हणाले का? तुझी श्रद्धा कमी म्हणून म्हैस आटली, असं म्हणाले का? काही नाही. दोहून तर बघ, म्हणाले. दोन भांडी भरली, तापवून तिनं ते स्वामींना दिलं. रागावणं नाही, टोमणा नाही. आणि त्यात एक बारीक गोष्ट आहे, जी आम्ही इतकी वर्षं निरूपणात घाईनं ओलांडून गेलो. ती म्हैस रोज भाड्यानं माती वाहायला जायची. त्या दिवशी तिला कोणी नेलं नव्हतं. ती घरी उभी होती.

चमत्कार स्वामींचा, त्यावर आमची श्रद्धा अढळ आहे. पण चमत्कार करणं हे सद्गुरूंचं काम. तो बाळंतिणीकडून वसूल करायचा नसतो. आपल्या हातात आहे ते तिच्या पाठीवरची माती उतरवणं.

दूध येतं कसं, हे आपल्या घरात नीट कोणी सांगत नाही. बाळ जितकं ओढेल तितकं दूध तयार होतं. म्हणून जन्मल्यावर पहिल्या तासात छातीशी लावायचं. सुरुवातीचा घट्ट पिवळसर चीक काही घरांत अजून पिळून टाकतात. तसं मुळीच करू नका, बाळाच्या पोटात पडणारं ते पहिलं संरक्षण आहे. तो थोडाच असतो आणि नवजात बाळाचं पोटही तेवढंच असतं. भरपूर दूध साधारण तिसऱ्या-चौथ्या दिवशी उतरतं, सिझेरियननंतर कधी आणखी उशिरा. दिवस-रात्र मिळून आठ ते बारा वेळा पाजावं लागतं, आणि रात्रीचं पाजणं दूध टिकवायला फार महत्त्वाचं. म्हणजे ही बाई रात्रभर जागी आहे. तिला सकाळी उठून पाहुण्यांचा चहा करायला लावायचा आणि वर विचारायचं, दूध का येत नाही! अळिवाची खीर, डिंकाचे लाडू जरूर करा, बाळंतिणीला पौष्टिक खाणं हवंच. पण लाडूच्या जोडीला तिला दुपारी दोन तास झोप द्या. बाळाला धरायचं कसं, ते नीट ओढतंय का, हे नर्सकडून किंवा आशाताईकडून शिकून घ्या. कितीतरी वेळा दूध असतं, नुसतं बाळ नीट लागलेलं नसतं.

सहा महिने पूर्ण होईपर्यंत फक्त आईचं दूध, आणि पुढे पूरक आहारासोबत दोन वर्षं किंवा त्याहून जास्त, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. यात पाणी नाही, मध नाही, बाळगुटीसुद्धा नाही. आमच्यातल्या आजी इथे नाराज होतील हे माहीत आहे. पण मध तर वर्षाच्या आत चाटवूच नये, त्यातून तान्ह्या बाळाला गंभीर विषबाधा होऊ शकते.

मग वरचं दूध कधी? जेव्हा बाळाला पुरत नाही तेव्हा. ते ओळखायची खूण सोपी आहे, त्याला पोथी लागत नाही आणि शेजारणीचं मतही लागत नाही. पाचव्या-सहाव्या दिवसानंतर चोवीस तासांत निदान सहा लंगोट ओले व्हायला हवेत. पहिल्या दिवसांत वजन थोडं उतरतं, पण साधारण दोन आठवड्यांत ते जन्माइतकं परत यायला हवं. बाळ दुधासाठी उठत नसेल, तोंड कोरडं असेल, लघवी होत नसेल, तर गुरुवारच्या आरतीचीही वाट बघू नका, लगेच दवाखान्यात न्या. काही आयांना कर्करोगावरची औषधं चालू असतात, तेव्हा पाजता येत नाही. काही बाळांची आईच राहिलेली नसते. काही ठिकाणी सगळे प्रयत्न करूनही दूध अपुरं पडतं. अशा वेळी डॉक्टरांनी सांगितलेला डबा आणणं हे त्या बाळासाठी अन्नदानच आहे. आणि डबा आला म्हणजे अंगावरचं बंद असंही नाही. आपली ही गुरुभगिनी आजही आधी अंगावर पाजते आणि कमी पडेल तेवढं वरून देते.

याची दुसरी बाजूही आमच्या बघण्यात आहे. बाळ जरा रडलं की "हिचं दूध पुरत नाही" म्हणत पहिल्याच आठवड्यात घरातले बाटली आणतात. बाळ बाटलीला सोकावतं, आईला ओढायचं कमी करतं आणि तिचं दूध खरोखरच आटतं. म्हणून डबा दुकानदाराच्या किंवा नातेवाइकांच्या सल्ल्यानं नको. 1992 साली आपल्या देशात कायदा झाला, त्यामुळे बाळाच्या दुधाच्या डब्याची जाहिरात करता येत नाही, डब्यावर बाळाचं चित्र छापता येत नाही. तो कायदा विकणाऱ्याला आवरण्यासाठी आहे. कायद्यात कुठेही आईला बोल लावायला सांगितलेलं नाही.

महाभारतात उपमन्यूची कथा येते. घरात दूध नाही म्हणून आई पिठात पाणी कालवून देते, आणि खरं दूध चाखलेलं ते पोर म्हणतं, आई, हे दूध नाही. ती आई नाइलाजानं तसं करते. पण डबा महाग पडतो म्हणून एक मापाच्या जागी अर्धं माप घालणारी चांगली खातीपिती घरं आम्ही पाहिली आहेत. पांढरं दिसतं म्हणजे दूध झालं असं नाही, बाळ त्यावर वाढत नाही. डब्यावर लिहिलेलं माप तेवढंच घ्या, सपाट. जास्त दाट करणंही वाईट. पाणी उकळलेलं आणि अजून चांगलं गरम, 70 अंशांच्या खाली न गेलेलं असावं. दूध मात्र कोमट करूनच पाजायचं. उरलेलं ओतून द्यायचं, पुढच्या वेळेला ठेवायचं नाही. बाटलीपेक्षा वाटी-चमचा किंवा जुनं बोंडलं स्वच्छ ठेवायला सोपं. वर्षाच्या आत गाईचं-म्हशीचं दूध हा डब्याला पर्याय नाही, घरी गोठा असला तरी.

मुंबईत शीव इथल्या पालिकेच्या रुग्णालयात 1989 साली मातृदुग्धपेढी सुरू झाली, आशियातली पहिली. ज्या आईला जास्त दूध आहे ती ते देते, त्यावर प्रक्रिया होते आणि कमी दिवसांच्या, अशक्त बाळांना ते पाजलं जातं. त्या आईला कळतही नाही आपलं दूध कुणाच्या बाळाच्या पोटात गेलं. आम्हाला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा डोळ्यांपुढे अत्रिऋषींचा आश्रमच आला. तिथेही लेकरं तिच्या पोटची नव्हती.

फोंड्याच्या दर्शनाची एक आठवण जुन्या मंडळींना असेल. रांग मोठी, एक बाळ रडून रडून लाल झालेलं, आई लाजेनं पदर सावरत उभी. महाराजांनी दर्शन थांबवलं, तिला आतल्या खोलीत बसवायला सांगितलं आणि बाळ शांत होईपर्यंत स्वतः बसून राहिले. ती अंगावर पाजते की बाटलीनं, हे त्यांनी विचारलं नाही. आम्हीही तेव्हा विचारलं नव्हतं. ते विचारायची सवय आम्हाला नंतर कधीतरी लागली.

त्या गुरुभगिनीला आम्ही उत्तर पाठवलं आहे. तुझी भक्ती कमी पडली नाही, आमचं लक्ष कमी पडलं, असं त्यात लिहिलं. तुझ्या सासूबाईंनी डबा ओट्यावर ठेवावा, असंही लिहिलं. मागच्या वर्षीचं ते वाक्य आम्ही मागे घेत आहोत. ज्यांनी ते पुढे पाठवलं असेल त्यांनी आपापल्या ग्रुपमध्ये हे पत्रही पाठवावं.

बेळगाव केंद्रात यंदा पाळण्याची दोरी आधी तिच्या हातात द्यायची असं ठरलंय. येईन असं ती अजून म्हणालेली नाही. संध्याकाळी बाळाच्या दुधाची वेळ असते म्हणाली. जन्मकाळ तर पुढे ढकलता येत नाही. पण मागची खोली झाडून, पडदा लावून ठेवली आहे, आणि त्यात गरम पाण्याचा थर्मास आहे.

॥ श्री गुरुदेव दत्त ॥