परीक्षा झाली म्हणजे सरळसेवा होते काय?

सेवाविषयक वादांत अलीकडे एक विधान सिद्धान्ताच्या थाटात मांडले जाते: नेमणूक स्पर्धा परीक्षेतील गुणांवर झाली की ती सरळसेवा, कारण पदोन्नती ज्येष्ठतेने मिळते आणि परीक्षा ज्येष्ठतेची दखल घेत नाही. हे विधान चुकीचे आहे, आणि त्याची चूक नेमकी कोठे आहे हे दाखवणे आवश्यक आहे, कारण त्यावर माणसांच्या खांद्यावरचे तारे अवलंबून असतात.

महाराष्ट्रात पोलीस उपनिरीक्षकाची, म्हणजे फौजदाराची, निम्मी पदे सरळसेवेने, पाव पदे ज्येष्ठतेवर आधारित पदोन्नतीने आणि उरलेली पाव मर्यादित विभागीय स्पर्धा परीक्षेने भरण्याची पद्धत रूढ झाली; ही परीक्षा राज्य लोकसेवा आयोग घेतो, पण तिला बसता येते ते खात्यात ठरावीक सेवा झालेल्या पोलिसांनाच. ऑक्टोबर 2018 मध्ये, या परीक्षेतून निवड होऊन नाशिकला प्रशिक्षण पूर्ण केलेल्या 154 मागासवर्गीय उमेदवारांना मूळ पदावर परत पाठवण्याचे आदेश निघाले. पदोन्नतीतील आरक्षणाचा 25 मे 2004 चा शासन निर्णय मुंबई उच्च न्यायालयाने 4 ऑगस्ट 2017 रोजी रद्द ठरवला होता. म्हणून हा मार्ग पदोन्नतीचा मानला तर त्यांच्या निवडीचा आधार जात होता आणि सरळसेवेचा मानला तर टिकत होता.

सरळसेवेच्या बाजूचा आक्षेप दुबळा नाही, आणि तो त्याच्या सर्वांत बळकट रूपातच तपासला पाहिजे. शिपाई ही परीक्षा देतो तेव्हा तो हवालदार आणि सहायक उपनिरीक्षक या मधल्या पायऱ्या ओलांडू शकतो, वीस वर्षांचा सहकारी त्याच्या मागे राहतो, निवड गुणवत्ता यादीने होते आणि त्याला नव्याने प्रशिक्षण घ्यावे लागते. मग यात नव्या प्रवेशापेक्षा वेगळे काय, असा हा प्रश्न आहे. परंतु ज्येष्ठता हा पदोन्नतीचा केवळ एक निकष आहे, तिचे लक्षण नव्हे. सी. सी. पद्मनाभन प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 1980 मध्ये पदोन्नतीची जी ओळख सांगितली, तीत आधीच पदावर असलेली व्यक्ती त्याच सेवेतील वरच्या प्रवर्गाच्या किंवा वरच्या श्रेणीच्या पदावर नेमली जाणे एवढेच पाहिले आहे. ती निवड कशी झाली, हे त्या व्याख्येत येतच नाही.

न्यायव्यवस्थेने स्वतःच्या घरातही हेच केले आहे. अखिल भारतीय न्यायाधीश संघटनेच्या प्रकरणात 2002 मध्ये जिल्हा न्यायाधीशांची पंचवीस टक्के पदे वरिष्ठ स्तर दिवाणी न्यायाधीशांच्या मर्यादित स्पर्धा परीक्षेने भरण्यास सांगताना न्यायालयाने तिला निव्वळ गुणवत्तेवरील पदोन्नतीच म्हटले. हे प्रमाण 2010 मध्ये दहावर आणले गेले आणि मे 2025 मध्ये पुन्हा पंचवीस झाले. त्यानंतर 9 ऑक्टोबर 2025 रोजी घटनापीठाने सेवेतील न्यायिक अधिकाऱ्यालाही, वकिली आणि सेवा मिळून सात वर्षे झाली असल्यास, सरळसेवेच्या जागेसाठी स्पर्धा करता येईल असा निर्णय दिला. म्हणजे तोच न्यायाधीश त्याच पदासाठी दोन परीक्षा देऊ शकतो, आणि त्यांतली एक पदोन्नती ठरते, दुसरी सरळसेवा. भेद परीक्षेत नाही. पहिलीचे दार बाहेरच्या वकिलाला बंद आहे आणि दुसरीचे उघडे आहे, एवढाच तो भेद आहे.

तथापि दार बंद असणे ही कसोटीही एकटी पुरत नाही. ग्रामीण डाकसेवक टपाल खात्याच्या बंद परीक्षेतून पोस्टमन होतो. तो नागरी पद धारण करतो हे 1977 मध्येच मान्य झाले होते, तरीही 2016 मध्ये वाय. नजितामोल प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ही नेमणूक सरळसेवा ठरवली, कारण डाकसेवक नियमित संवर्गाच्या, म्हणजे खात्याच्या कायम पदरचनेच्या, बाहेर असतो. तेव्हा दोन गोष्टी एकत्र पाहाव्या लागतात: स्पर्धा फक्त आतल्यांची आहे काय, आणि उमेदवार त्याच सेवेच्या खालच्या पदावर खरोखर उभा आहे काय. या कसोटीने शिपायाचा फौजदार होणे पदोन्नतीच ठरते, आणि हा निष्कर्ष त्या 154 जणांच्या बाजूचा नसला तरी तो टाळता येत नाही.

मात्र या उत्तराने त्यांच्यावरचा अन्याय न्याय्य ठरत नाही. खरा दोष असा की एकाच नावाला आरक्षण, ज्येष्ठता आणि वेतन हे तिन्ही परिणाम बांधलेले आहेत. केंद्र सरकारच्या 2008 पासूनच्या सुधारित आश्वासित प्रगती योजनेत दहा, वीस आणि तीस वर्षांनी वेतनवाढीचे तीन टप्पे मिळतात आणि झालेली पदोन्नती त्यांतून वजा होते. त्यामुळे परीक्षा देऊन वर गेलेला टपाल कर्मचारी तीच नेमणूक सरळसेवा असल्याचे सांगत न्यायाधिकरणात जातो. त्याची मागणी स्वाभाविक आहे, कारण अभ्यास करून मिळवलेले पद त्याच्या हक्काच्या टप्प्यातून कापले जाते. सेवाप्रवेश नियम करणाऱ्या शासनाने जाहिरात निघण्यापूर्वीच, आरक्षण कोणत्या तरतुदीखाली लागू होईल, ज्येष्ठता कोठून मोजली जाईल आणि वेतनाचा टप्पा वजा होईल की नाही, हे प्रत्येक विभागीय परीक्षेसाठी स्वतंत्रपणे नियमातच लिहावे, आणि ते लिहिलेले नसेल तर त्या संदिग्धतेचा भार प्रशिक्षण पूर्ण केलेल्या उमेदवारावर टाकू नये.