खाल्ल्या मिठाची शिफारस

ब्लॉग लिहिणारी माणसं नेमकी कोण, हा प्रश्न अमेरिकेतल्या प्यू संशोधन केंद्राने २००६ साली विचारला होता. त्यांच्या पाहणीतले ५४ टक्के ब्लॉगर तिशीच्या आतले निघाले. ३७ टक्क्यांचा मुख्य विषय होता ‘माझं आयुष्य आणि अनुभव’. राजकारण वगैरे बरंच मागे. आणि ५२ टक्के लोकांनी सांगितलं की, आम्ही मुख्यतः स्वतःसाठीच लिहितो.

स्वतःसाठी लिहिणाऱ्या माणसाला गाठून विक्रेत्याला काय मिळणार? तर सगळं काही. ज्याला काही विकायचं नसतं, त्याच्याच शब्दावर आपण विसंबतो. काट्झ आणि लाझर्सफेल्ड यांनी १९५५ सालच्या ‘पर्सनल इन्फ्लुअन्स’ या पुस्तकात इलिनॉयमधल्या डिकेटर या गावातल्या बायकांचा अभ्यास मांडला होता. किराणा, कपडे, सिनेमा अशा बाबतींत माध्यमांपेक्षा ओळखीच्या, त्या विषयातल्या जाणत्या माणसाचं ऐकलं जातं, असं त्यांना दिसलं. मिक्सर घेण्याआधी शेजारच्या काकूंना विचारणाऱ्या आपल्या घरांना हे नवीन नाही. विक्रेत्याला या काकू हव्या असतात. पण पैसे घेतल्यावर त्या काकू राहतात का, हा माझा प्रश्न आहे.

२००६ सालीच एक जोडपं मोटारघरातून अमेरिकाभर फिरत, रात्री वॉलमार्टच्या वाहनतळावर मुक्काम करत, तिथल्या आनंदी कर्मचाऱ्यांबद्दल ब्लॉग लिहीत होतं. पुढे उघड झालं की, प्रवासाचा खर्च वॉलमार्टच्या पैशावर चालणारी एक संघटना करत होती आणि त्यामागे एडेलमन ही जनसंपर्क कंपनी होती. बराच गाजावाजा झाला, कंपनीच्या प्रमुखांनी माफी मागितली. मला यात कुतूहल वेगळ्याच गोष्टीचं वाटतं. जोडपं खरं होतं, प्रवास खरा होता, भेटलेली माणसंही खरी असतील. एकेक वाक्य सुटं काढून तपासलं तर कदाचित एकही खोटं सापडणार नाही. मग फसवणूक कुठे झाली? आपण काकूंकडे फक्त माहिती मागत नाही. त्या आपल्या बाजूच्या आहेत, असं धरून चालतो. ते गृहीतक खोटं होतं.

यावर सर्वमान्य उपाय म्हणजे ‘सांगून टाका’. आमच्या क्षेत्रात हे आधी यंत्राला सांगितलं गेलं, ही गंमत नोंदवायला हवी. गुगल दुव्यांना मतांसारखं मोजतं. विकत घेतलेल्या दुव्यांनी ती मोजणी नासते. म्हणून २००५ साली आलेली ‘नोफॉलो’ ही खूण पैसे घेऊन दिलेल्या दुव्यांच्या कोडमध्ये घालायला सांगू लागले. २०१९ मध्ये खास ‘स्पॉन्सर्ड’ अशी खूणच आली. ती पानावर दिसत नाही. भारतात वाचकासाठीचे नियम आले ते जाहिरात मानक परिषदेचे २०२१ मध्ये आणि केंद्र सरकारचे जानेवारी २०२३ मध्ये. सरकारी नियमांत रोख रकमेबरोबर फुकट वस्तू, सहली, हॉटेलचा मुक्काम, अगदी नातेसंबंधही जाहीर करायला सांगितलं आहे. नियम चांगले आहेत, ते पाळलेही जावेत.

पण माझी बहीण रात्री तीन वाजता, तान्ह्या बाळाला खांद्यावर घेऊन, एका आईचा पोटदुखीवरचा लेख वाचत असते. कोपऱ्यातला ‘सशुल्क भागीदारी’ हा शब्द तिला दिसतो आणि तरीही ती थेंब मागवते. त्या घटकेला तिला ग्राहक म्हणून सावध राहायचं नसतं. दुसऱ्या एका आईने धीर द्यावा, एवढंच हवं असतं. सूचना दिल्याने लिहिणारीची जबाबदारी तिथे संपते, असं मला म्हणवत नाही.

आणि लिहिणारी लबाड असते, असंही नाही. आपल्या भाषेत खाल्ल्या मिठाला जागणं हा सद्गुण आहे. घरी कोणी सुंदर खोका पाठवतो, आत हाताने लिहिलेली चिठ्ठी असते. मग उणीव दिसली तरी ती लिहिताना हात आखडतो. हाव वाईट म्हणून तिच्यापासून जपून राहता तरी येतं. इथे पकडली जाते ती आपली कृतज्ञता. ‘मला हे खरंच आवडलं’ हे वाक्य खरं आहे की नाही, ते मग लिहिणारीलाही नीट सांगता येत नाही.

याचा अर्थ लेखकाने उपाशी राहावं असा नाही. (फुकट लिहिण्याचं पावित्र्य सांगणारे बहुधा पगारदार असतात, मीही आहे.) दिवाळी अंक पिढ्यानपिढ्या जाहिरातींवर निघत आले आहेत. पण तिथे सोनाराच्या जाहिरातीला स्वतःचं पान असतं, चौकट असते, आणि कथेतली नायिका मध्येच त्या दुकानाचं नाव घेत नाही. ब्लॉगरपर्यंत पोचायचं असेल तर विक्रेत्याने अशी चौकट विकत घ्यावी. वाक्य मागू नये.

मी सह्याद्रीतल्या भटकंतीबद्दल अधूनमधून लिहितो. मध्यंतरी एका कंपनीने बूट पाठवायची तयारी दाखवली. ‘तुमच्या शब्दांत, प्रामाणिक मत’ हवं होतं. सोबत पाच मुद्देही जोडले होते. ओल्या कातळावर तळवा घसरला तर तेही लिहीन, चालेल का, असं मी विचारलं. तसं झाल्यास काहीच न लिहिलेलं बरं, असं अतिशय नम्र उत्तर आलं.