पहिल्या सायंकाळचे प्रेम

परक्या शहरात पाऊल ठेवल्यावर पहिल्या सायंकाळी प्रवाशाची दृष्टी जितकी जागी असते, तितकी ती स्वतःच्या गावात क्वचितच असते. दिव्यांची रांग, खिडकीतील फुलझाडे, पुलावर बोलत उभी असलेली वृद्ध माणसे, सारे त्याला अपूर्व वाटते. आपल्या गल्लीतील दिवा कोणता बंद पडला आहे, हे मात्र त्याच माणसाला महिना महिना ठाऊक नसते. यातून एक नैतिक प्रश्न उभा राहतो. सुंदर ते पाहून मन भरून येणे, याला सद्गुण म्हणावे काय? की तो एक निर्मळ परंतु फुकटचा उपभोग आहे?

या प्रश्नाचा विचार करताना आम्हा नागपूरकर कॅथलिकांना एक शहर सहजच आठवते. फ्रान्समधील आल्प्स पर्वताच्या पायथ्याशी, तलावाच्या काठी वसलेले आन्सी. तलावातून निघणारी थियू नदी चार किलोमीटरहूनही कमी लांबीची. पण ती जुन्या वस्तीतून कालव्यांच्या रूपाने वाहते आणि घरांच्या भिंती तिच्या पाण्यातच उभ्या आहेत. आपल्या सदरमधील कॅथेड्रल ज्यांच्या नावाचे आहे, ते संत फ्रान्सिस द सेल्स १६०२ ते १६२२ अशी वीस वर्षे जिनिव्हाचे महागुरू होते. जिनिव्हा कॅल्व्हिनपंथीयांच्या हाती असल्यामुळे त्यांचे वास्तव्य आन्सीतच राहिले. पुढे १८३८ मध्ये फादर मेर्मिए यांनी त्याच शहरात संत फ्रान्सिस द सेल्स यांच्या नावाने मिशनरी संघ स्थापला, आणि त्या संघाची नाळ विदर्भाशी जुळली.

नागपूरहून गेलेला भाविक आन्सीत पहिल्या सायंकाळी पुलावर उभा राहतो, तेव्हा त्याला काय दिसते? प्रवाहाच्या मधोमध, जहाजाच्या नाळेसारखे टोक पुढे काढून उभी असलेली दगडी वास्तू दिसते. ती मूळची बाराव्या शतकातील. कधी न्यायालय, कधी टांकसाळ, कधी तुरुंग अशी तिची स्थित्यंतरे झाली. तिच्या दोन्ही अंगांनी वाहणारे पाणी इतके स्वच्छ, की तळचा दगड मोजावा. मन हरखून जाते. हे शहर किती भाग्यवान, असे उद्गार ओठांवर येतात.

येथेच विचाराने थोडे थांबावे. ते पाणी भाग्याने स्वच्छ राहिलेले नाही. विसाव्या शतकाच्या मध्यास काठावरच्या वस्त्यांचे सांडपाणी त्या तलावात उतरत होते आणि तलावाची प्रकृती ढासळत चालली होती. स्थानिक डॉक्टर पॉल सर्व्हेताझ यांनी लोकांना सावध केले. १९५७ मध्ये काठावरील आठ नगरपालिका व ग्रामसभा एकत्र आल्या. तलावाभोवती सांडपाण्याच्या नळांचे कडे घालायचे आणि ते पाणी तलावात न सोडता शुद्धीकरण केंद्राकडे न्यायचे, असे त्यांनी ठरविले. काम पुरे व्हायला अनेक वर्षे लागली. जमिनीखालच्या नळांचे छायाचित्र कोणी प्रवासी काढीत नाही. परंतु पहिल्या सायंकाळी त्याला जी शोभा भेटते, ती त्या नळांची, ते घालणाऱ्या मजुरांची आणि त्यासाठी कर भरणाऱ्या कुटुंबांची देणगी असते.

कोणी म्हणेल, फादर, माणसाने चार दिवस आनंदही घेऊ नये काय? अवश्य घ्यावा. सृष्टी पाहून प्रसन्न होणे ही देखील एक प्रार्थनाच आहे. पण नुसत्या कौतुकाच्या गर्दीने शहराचे काय होते, ते व्हेनिसकडे पाहून कळते. कालव्यांच्या त्या जगप्रसिद्ध नगरीच्या जुन्या भागात १९५१ मध्ये सुमारे पावणेदोन लाख लोक राहत होते. २०२२ मध्ये ती संख्या पन्नास हजारांच्याही खाली आली. २५ एप्रिल २०२४ पासून गर्दीच्या ठरावीक दिवशी, केवळ दिवसभरासाठी येणाऱ्यांकडून प्रवेशशुल्क घेण्यास तेथे सुरुवात झाली. रोज हजारो जणांची ती पहिली सायंकाळ असते. दहा हजारावी सायंकाळ तेथे घालविणारे मात्र घटत आहेत. ज्या शहरावर सारे लुब्ध आहेत, तेथे संसार करणेच कठीण होऊन बसले आहे.

आता उलट दिशेचा प्रवास पाहा. १८४५ मध्ये फादर मेर्मिए यांच्या संघाचे पहिले मिशनरी भारताकडे निघाले. विशाखापट्टणमच्या त्या विशाल मिशनक्षेत्रात नागपूर-कामठीचा मुलूखही मोडत होता. तेव्हा नागपुरात तिसऱ्या रघूजी भोसल्यांचे राज्य होते. सुएझचा कालवा खुला व्हायला चोवीस वर्षे आणि नागपूरला आगगाडी यायला बावीस वर्षे अवकाश होता. या मुलुखात आलेल्या त्या परदेशी धर्मगुरूंच्या पहिल्या सायंकाळी निळा तलाव नव्हता. परकी भाषा होती, ऊन होते, ताप होता. तरी ते राहिले. १८८७ मध्ये नागपूरचा स्वतंत्र धर्मप्रांत झाला, तो ज्यांनी येथे हजारो सायंकाळ काढल्या त्यांच्या कष्टांवर. मुलूख आवडला म्हणून ते राहिले, की राहिले म्हणून तो त्यांना आवडू लागला? आम्हांस दुसरे अधिक खरे वाटते. प्रेम पुष्कळदा सेवेच्या मागून येते.

संत फ्रान्सिस यांची शिकवण याहून निराळी नव्हती. १६०९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात त्यांनी मठाबाहेरच्या, संसारी माणसांना सांगितले, की भक्तीसाठी आपले घर, आपला व्यवसाय सोडून दूर जाण्याचे कारण नाही. ज्याच्या त्याच्या स्थितीत ती साधते. हीच गोष्ट दृष्टीलाही लागू आहे.

म्हणून आमचे उत्तर असे. पहिल्या सायंकाळचे कौतुक ही कृपा आहे. सद्गुण होण्यासाठी तिला घरी परतावे लागते. सक्करदऱ्याच्या बुधवार बाजारातून भाजी घेऊन निघालेली आपली कुटुंबे तलावाजवळून, उड्डाणपुलाखालून रोज जातात. त्या तलावावरही सूर्य मावळतो. उरलेल्या भाजीची पिशवी त्यात पडते की कचऱ्याच्या गाडीत, हे आपल्या हाती आहे. नळगटाराची तक्रार वार्डात कोणी तरी लेखी द्यावी लागते. शेजाऱ्यांची सही मागावी लागते. महिन्याने पुन्हा जाऊन विचारावे लागते. आन्सीतील आठ वस्त्यांनीही याहून काही अद्भुत केले नव्हते. एखाद्या रविवारी मिस्सा आटोपल्यावर मुलांना त्या काठाशी न्यावे आणि विचारावे, आज प्रथमच येथे आलेल्या पाहुण्याला काय दिसेल? मुले खरे उत्तर देतील. त्या उत्तराचे पुढे काय करायचे, हे मोठ्यांनी ठरवायचे आहे.