दान की सौदा?



"शरीर माझे आहे. मी गरजू, घेणाराही गरजू. पैसे घेऊन दिले तर बिघडले कुठे?" हा प्रश्न सहज झटकून टाकण्यासारखा नाही.

आपल्या देशात १९९४ साली मानवी अवयव प्रत्यारोपणाचा कायदा झाला. २०११ च्या दुरुस्तीने त्याच्या नावात अवयवांसोबत 'ऊती'ही आल्या: डोळ्याचे बुबुळ, त्वचा, हाडे, हृदयाच्या झडपा. ऊतींचा सौदा करणाऱ्यास एक ते तीन वर्षे कैद आणि पाच ते पंचवीस लाख रुपये दंडाची तरतूद आहे. जिवंत दात्याला धोके समजावून त्याची संमती घ्यावी लागते. घेणाऱ्याच्या रक्षणासाठी ऊतीपेढ्यांना नोंदणी सक्तीची आहे.

मग कायदा आपल्या स्वातंत्र्याच्या आड येतो का? आम्हाला तसे वाटत नाही. सावकार दारात उभा असताना दिलेला होकार हा स्वतंत्र माणसाचा होकार नव्हे. शिवाय बाजार मांडला की देणारा नेहमी गरीब आणि घेणारा नेहमी पैसेवाला असणार. तत्त्वज्ञ कांट म्हणत असे की वस्तूला किंमत असते, माणसाला प्रतिष्ठा असते. दुसऱ्याच्या तोंडात बसवण्यासाठी आपला दात विकणेही त्याला गैर वाटे. मात्र दात नुसता देऊन टाकणेही त्याला मान्य नव्हते. येथे ख्रिस्तसभा त्याच्यापुढे जाते. मृत्यूनंतरच्या बुबुळदानाला पोप पियुस बारावे यांनी १९५६ मध्येच मान्यता दिली होती. पोप जॉन पॉल दुसरे यांनी २००० साली रोममध्ये अवयवदानाला प्रेमाची कृती म्हटले आणि त्याच्या व्यापाराला ठाम नकार दिला. जे विकता येत नाही ते प्रेमाने देता येते, कारण देताना माणूस वस्तू होत नाही.

पण कायद्याची नजर पैशावर असते. घरातला दबाव त्याला सहसा दिसत नाही. आपल्या देशात जिवंतपणी अवयव देणाऱ्यांमध्ये स्त्रिया जास्त आहेत. त्यातले किती दान मनापासूनचे आणि किती "नाही कसे म्हणू?" या धास्तीपोटी? भावासाठी अस्थिमज्जा हवी असेल तर बहिणीला जरूर विचारावे. मात्र तिने नकार दिला तर घरात तिचे स्थान तसेच राहिले पाहिजे. 'नाही' म्हणण्याची मोकळीक असेल तरच 'हो' हे दान ठरते.

आणि आपल्या मृत्यूनंतर नेत्रदान व्हावे असे वाटत असेल, तर ते घरच्यांना आजच सांगून ठेवू या. बुबुळे साधारण सहा तासांच्या आत काढावी लागतात. दुःखाच्या त्या घडीला त्यांना आपली इच्छा शोधत बसावे लागू नये.

आपला धर्मगुरू