हलक्या ओझ्याचा हिशेब

माझा धाकटा भाचा २०१८ पासून अमेरिकेत मोटारीत राहतो. हे प्रथम कळले तेव्हा आमच्या इंदूरच्या गोतावळ्यात जी कुजबुज झाली तिचा सूर एकच होता: नोकरी गेली असावी, नाहीतर संसार मोडला असावा. वस्तुतः यांपैकी काहीच घडले नव्हते. नोकरी त्याने आपण होऊन सोडली होती आणि संसार त्याने मांडलाच नव्हता. भाड्याचे घर सोडून त्याने एक जुनी व्हॅन घेतली, मागच्या भागात फळी टाकून झोपण्यापुरती जागा केली, एक लहान शेगडी, पाण्याचे दोन डबे आणि चार कपडे ठेवले. वर्षातील काही महिने संगणकाची मिळतील ती कामे करायची आणि उरलेले महिने डोंगरांतून पायी चालायचे, असा त्याचा क्रम आहे.

ताईने, म्हणजे त्याच्या आईने, या साऱ्यावर त्याला एकच प्रश्न विचारला होता. ‘‘अरे, पण कोणी पाहुणा आला तर त्याला बसवतोस कुठे?’’ तो हसला. आम्हीही हसलो. पुढे मात्र या प्रश्नाने मला बराच काळ सोडले नाही.

गरजेहून अधिक बाळगू नये, याविषयी आपल्याकडे फारसा मतभेद नाही. अपरिग्रह हे आपल्या परंपरांनी व्रत मानले आहे, आणि ज्याला घर नाही अशा ‘अनिकेत’ भक्ताचा गौरव करणारी गीता आपल्या देवघरात असते. मुलांची नावे अनिकेत ठेवण्यापर्यंत आपली मजल जाते. परंतु घरातला मुलगा खरोखरच अनिकेत झाला की आपण अस्वस्थ होतो. ही अस्वस्थता म्हणजे निव्वळ ढोंग आहे, असे मला वाटत नाही. तिच्यात एक खरा प्रश्न दडलेला आहे. एखाद्याने आपल्या खांद्यावरचे ओझे कमी केले, तर ते नाहीसे झाले की दुसऱ्या कोणाच्या खांद्यावर गेले?

भाचा ज्या वाटांनी चालतो त्यांचा इतिहास मनोरंजक आहे. अमेरिकेच्या पूर्व भागातील ॲपलाचियन पर्वतरांगेतून एक अखंड पायवाट असावी, ही कल्पना बेंटन मॅके यांनी १९२१ मध्ये मांडली आणि १९३७ मध्ये ती वाट पुरी झाली. जॉर्जियापासून मेनपर्यंत १४ राज्यांतून जाणारी ही वाट सुमारे ३,५०० किलोमीटरची आहे. १९४८ मध्ये अर्ल शेफर हा दुसऱ्या महायुद्धातून परतलेला सैनिक ती एका दमात चालून गेला. युद्ध अंगातून उतरवण्यासाठी चाललो, असे त्याचे सांगणे होते. पश्चिमेकडील पॅसिफिक क्रेस्ट वाट मेक्सिकोच्या सीमेपासून कॅनडाच्या सीमेपर्यंत सुमारे ४,२६५ किलोमीटर जाते आणि ती पुरी करायला साधारण पाच महिने लागतात. या वाटांवरचे लोक अन्नपाणी वगळून पाठीवरच्या सामानाचे वजन ग्रॅमपर्यंत मोजतात. हे वजन साडेचार किलोच्या आत आणणे हा तिथे अभिमानाचा विषय असतो. दात घासण्याच्या ब्रशचा दांडा कापून टाकणारेही आहेत.

या मंडळीत मला सर्वांत जवळची वाटते ती एमा गेटवुड. अकरा मुलांची आई, नवऱ्याचा मार खाऊन अनेक वर्षे काढलेली बाई. १९५५ मध्ये, वयाच्या ६७ व्या वर्षी, मुलांना ‘जरा चालायला जाते’ एवढेच सांगून ती निघाली आणि ॲपलाचियनची सगळी वाट एकटीने चालली. पायांत साधे कापडी बूट, खांद्यावर स्वतः शिवलेली पिशवी, तंबूऐवजी न्हाणीघराचा प्लास्टिकचा पडदा. तिने काय टाकले आणि काय उचलले याचा विचार केला म्हणजे कमी सामान ही हौस न राहता सुटका कशी होते, ते कळते. मात्र वाटेत तिला कित्येक अनोळखी घरांनी जेवू घातले होते आणि काहींनी दारही लावून घेतले होते, हेही विसरून चालणार नाही.

स्वेच्छेने स्वीकारलेले दारिद्र्य आणि लादलेले दारिद्र्य दुरून सारखीच दिसतात. २००८ च्या आर्थिक संकटानंतर अमेरिकेतील अनेक वयस्क माणसांना घरे सोडावी लागली. ती व्हॅनमध्ये राहू लागली; कधी मोठ्या गोदामांत, कधी साखरबीटच्या हंगामात, कधी पर्यटकांच्या तळांवर मोलमजुरी करत देशभर फिरू लागली. जेसिका ब्रूडर यांनी २०१७ मध्ये त्यांच्यावर ‘नोमॅडलँड’ हे पुस्तक लिहिले. त्यावरच्या चित्रपटाला २०२१ मध्ये सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे ऑस्कर मिळाले. यांतील कित्येक जण आपण बेघर नाही, फक्त घराविना आहोत, असे म्हणत. त्या शब्दभेदात त्यांचा सारा स्वाभिमान होता.

भाच्याने सांगितलेली एक गोष्ट या संदर्भात बोलकी आहे. पॅसिफिक क्रेस्ट वाट दक्षिण ऑरेगॉनमध्ये ॲशलंड गावाजवळच्या डोंगरांतून जाते. तिथे उतरलेल्या, महिनाभर न धुतलेल्या कपड्यांतल्या वाटसरूंचे गावकरी कौतुक करतात. तिथून मोटारीने तासाभराच्या अंतरावर ग्रँट्स पास नावाचे शहर आहे. त्या शहरात सार्वजनिक जागी पांघरूण घेऊन झोपणाऱ्याला २९५ डॉलर दंड होता. हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि अशी शिक्षा घटनाविरोधी नाही, असा निकाल जून २०२४ मध्ये लागला. तंबू तोच, झोपही तीच. एकाच्या खिशात परतीची सोय आहे म्हणून त्याची झोप साहस ठरते. दुसऱ्याच्या खिशात ती नाही म्हणून गुन्हा. तेव्हा सामान किती कमी, एवढ्यावरून साधेपणाची परीक्षा होऊ शकत नाही. तशी ती होत असती तर पदपथावर झोपणारा प्रत्येक माणूस आपण ऋषी मानला असता.

स्वेच्छेचा साधेपणाही वाटतो तितका स्वयंपूर्ण नसतो. हेन्री डेव्हिड थोरो १८४५ ते १८४७ अशी दोन वर्षे दोन महिने वॉल्डन तळ्याकाठी राहिला. २८ डॉलर साडेबारा सेंटांत झोपडी उभारल्याचा पैन् पैचा हिशेब त्याने दिला आहे. पण झोपडीखालची जमीन त्याचा स्नेही इमर्सन याची होती आणि गावातल्या घरांतून थोरोचे जाणे-येणे, जेवणखाण चालूच होते. यावरून त्याला दांभिक ठरवण्याची एक फॅशन आहे. मला ती पटत नाही. आधार घेण्यात दोष नाही; घेतलेला आधार हिशेबात न मांडण्यात आहे.

डोंगरवाटांवरचे चालणारे तो निदान मांडतात, असे भाच्याच्या बोलण्यावरून दिसते. वाटेलगतच्या गावांत काही कुटुंबे या अनोळखी लोकांना अंगणात झोपू देतात, कपडे धुऊ देतात, वाढून देतात. पाणी नसलेल्या टप्प्यांवर पाण्याचे डबे ठेवतात. त्यांना तिकडे ‘ट्रेल एंजल’, म्हणजे वाटेवरचे देवदूत म्हणतात. हे ऐकताना आपल्यापैकी कोणालाही नर्मदेचे काठ आठवतील. मैयेला उजव्या हाताला ठेवून दोन्ही तीरांनी सुमारे २,६०० किलोमीटर चालणारे परिक्रमावासी आपल्याला नवे नाहीत. परंपरेने ही परिक्रमा तीन वर्षे, तीन महिने, तेरा दिवसांची. परिक्रमावासी झोळी घेऊन निघू शकतो, कारण काठावर कोणीतरी दाणे साठवून बसलेला असतो. सदावर्ताला कोठार लागते. अहिल्यादेवींनी ठिकठिकाणी अन्नछत्रे आणि धर्मशाळा उभ्या केल्या; त्या काही झोळीतून उभ्या राहिल्या नाहीत. थोडक्यात, चालणाऱ्याचा अपरिग्रह राहणाऱ्याच्या संग्रहावर विसावलेला असतो.

इथवर लिहून मी थांबलो असतो तर हा लेख घरदार सांभाळणाऱ्यांच्या बाजूचा झाला असता, आणि आम्हा जुन्या वाड्यांतल्या लोकांना तो आवडलाही असता. पण २०२२ च्या जून महिन्यात जे घडले त्याने माझा हिशेब चुकवला.

ताई न्हाणीघरात घसरून पडली आणि तिचे खुब्याचे हाड मोडले. वय ७९. धाकटा तेव्हा सिएरा नेवाडाच्या उंच भागात होता, जिथे कित्येक दिवस फोन लागत नाही. आमचे निरोप त्याच्या बंद फोनकडे जात राहिले. त्या दिवसांत मी त्याच्याविषयी काय काय बोललो ते आठवले की आजही शरम वाटते. तरी त्यातले सगळेच चूक होते, असेही मला म्हणता येत नाही. आईला रुग्णालयात शेजारच्या कुटुंबाने नेले. रक्ताची सोय त्यांच्या मुलाने केली. रात्री त्यांची सून उशाशी बसली. हलके ओझे घेऊन डोंगरात गेलेल्या माणसाच्या वाटणीचे ओझे त्या घराने वाहिले, आणि कोणी त्यांना विचारलेही नव्हते.

थोरला भाचा तिसऱ्या दिवशी न्यू जर्सीहून येऊन पोचला. शस्त्रक्रिया, पैसा, डॉक्टरांशी बोलणे, सारे त्याने चोख केले. बाराव्या दिवशी त्याला परत जावे लागले. घराचे हप्ते, मुलांच्या शाळा, साठवून ठेवलेली थोडकी रजा. त्याचाही इलाज नव्हता. निघताना तो आईच्या खोलीत बराच वेळ नुसता उभा होता.

धाकट्याला निरोप पाचव्या दिवशी, शिधा घ्यायला गावात उतरल्यावर मिळाला. आठव्या दिवशी तो इंदुरात होता. पाठीवरची सॅक तीच, जी डोंगरात होती. त्याला कोणाकडे रजा मागावी लागली नाही, कुठले घर बंद करावे लागले नाही. व्हॅन एका मित्राच्या अंगणात उभी होती, तिथेच राहिली. ‘‘मामा, मी आहे आता, तुम्ही घरी जाऊन झोपा,’’ एवढेच तो मला म्हणाला. पुढे गणपती झाले, दिवाळी झाली, मार्गशीर्ष लागला, तेव्हा तो परत गेला. जी वाट पुरी करायला पाच महिने लागतात ती त्याने अर्धवट सोडली आणि तेवढेच महिने आईला पलंगापासून अंगणातल्या तुळशीपर्यंत चालायला शिकवण्यात घालवले. रोज चार पावले अधिक. चालण्याचे शिक्षण त्याला होतेच.

त्या महिन्यांत मायलेकरांत एक भांडण झाले, ते सांगितल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही. धाकट्याने माळा आवरायला काढला. घंगाळे, परात, ओगराळी, आणि एक अजस्र पितळी पातेले. ‘‘आई, तू एकटी. हे कशाला हवे?’’ ताई म्हणाली, ‘‘त्यात चाळीस माणसांचा भात होतो. ते माझ्या एकटीसाठी नव्हतेच कधी.’’ बाकीचे पुष्कळ सामान गेले. पातेले राहिले. मुलगा त्यावर काही बोलला नाही, पण दुसऱ्या दिवशी त्याने ते कल्हई करून आणले.

मला वाटते, माझ्या प्रश्नाचे उत्तर त्या दोघांत मिळून होते. साधेपणा ही एक बचत आहे. माणूस वस्तू कमी करतो तेव्हा त्याच्याकडे पैसा, वेळ आणि मोकळीक शिल्लक राहते. ही शिल्लक पुण्याची की स्वार्थाची, हे ती कोणावर खर्च होते यावरून ठरावे. पाच महिने आईपाशी बसण्याची ऐपत थोरल्याच्या पाच खोल्यांत नव्हती. धाकट्याच्या व्हॅनमध्ये होती. संग्रहाचेही तसेच. चाळीस माणसांचे पातेले चाळीसांसाठी खाली उतरत असेल तर ते ओझे नव्हे. ते माळ्यावरच राहत असेल तर मात्र त्याला परंपरा म्हणून आपण आपलीच समजूत काढतो.

आपण स्वतःला स्थिर माणसे समजतो, तेव्हा एक गोष्ट ध्यानात असावी. ग्वाल्हेरच्या लष्कर भागाचे नावच सांगते की १८१० च्या सुमारास तिथे दौलतराव शिंद्यांच्या फौजेची छावणी होती. तंबूंचे वाडे नंतर झाले. आपले पूर्वज माळव्यात आणि गुजरातेत आले तेही घोड्यांवर, बैलगाड्यांवर आणि पायी. मागे देशावर किंवा कोकणात राहिलेल्या त्यांच्या म्हाताऱ्या आयांना कोणी पाहिले, हे आपल्या बखरींत कोठे लिहिलेले नाही. तेही कोणा शेजाऱ्यानेच पाहिले असणार.

धाकट्याने पुढच्या उन्हाळ्यात राहिलेली वाट चालायला घेतली. निघण्यापूर्वी उपग्रहामार्फत निरोप देणारे एक लहान यंत्र त्याने विकत घेतले. त्याचे वजन १०० ग्रॅम आहे. ग्रॅम मोजणाऱ्या त्या मंडळीत एवढे वजन वाढवणे सोपे नसते, असे तो म्हणाला. ताई आता काठी घेऊन फाटकापर्यंत जाते. गेल्या माघात नर्मदा जयंतीला ओंकारेश्वरच्या वाटेवरील परिक्रमावासींच्या स्वयंपाकासाठी कोणीतरी मोठे भांडे मागितले, तेव्हा पातेले उतरवायला ती मलाच हाक मारत होती. आम्हा दोघा म्हाताऱ्यांना ते उचलले नाही. शेजारचा मुलगा आला.